आत्ता, या क्षणी सुचलेलं

दि. ११ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर मला उबग आलाय. हॉटेलच्या खोलीत ओल्या टॉवेलचा वास, गालिचाला कुणाकुणाच्या बुटांचा वास, आणि शेजारच्या खोलीत आमचा नवा ट्रंपेटवाला सकाळपासून एकच पान घोटतोय. फोनच करणार होते, पण तुमचा फोन दादाच्या खुर्चीला चिकटून, आणि हे त्याच्या कानावर जाता कामा नये. वाचून झालं की फाडून टाक.

दादानं बँड सोडल्यापासून त्याच्या जागी किती आले नि गेले ते तुला ठाऊक आहे. हा नवा टिकलाय. टिकणारच. संगीताच्या कॉलेजातून पहिला आलेला, कागदावरचं काहीही धडाधड वाजवतो, आणि मालकापुढे मान वर करत नाही. मी त्याला पोपट म्हणते. मालक कसला म्हणा, बँड त्यानं आणि दादानं मिळून काढला होता. दादाचे दात गेले, दातांशिवाय ट्रंपेट वाजत नाही, आणि सॅक्सोफोनवाला आपोआप मालक झाला.

आता ऐक. आपल्या या जॅझमध्ये सुरुवातीची आणि शेवटची चाल ठरलेली, मधलं ज्यानं त्यानं आपल्या पाळीला डोक्यातून काढायचं. दादाच्या तोंडून तू हे शंभरदा ऐकलं असशील. तर हा पोपट मधलं जे वाजवतो ते दादाचं आहे. आमच्या जुन्या रेकॉर्डवर दादाचा जो मोठा सोलो आहे ना, तो मालकानं पोपटाकडून कागदावर उतरवून घेतला, सूर न् सूर पाठ करून घेतला. आणि आता रोज स्वतः माइकपाशी जाऊन सांगतो की ऐका, आत्ता, या क्षणी सुचलेलं. लाज कोळून प्यायलाय मेला.

एकवेळ मी कानाडोळा केलाही असता. पण त्या सोलोच्या मध्यावर दादा थांबलाय. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याच्या पुढच्या दातातून कळ गेली होती. ट्रंपेट ओठावरून सुटला, आणि डोळ्यांत पाणी असताना त्यानं पुढचं उचललं. पोपट तिथे थांबतो. रोज, तेवढाच. ट्रंपेट खाली घेतो, मान कलती करतो, मालक डोळे मिटून अहाहा करतो आणि लोक टाळ्या वाजवतात. माझ्या भावाच्या दातदुखीला टाळ्या, वहिनी. मला शिसारी येते. त्यात सोलो झाला की पोपट ट्रंपेटमधलं थुंकीचं पाणी सरळ माझ्या पायांपाशी, पियानोच्या पेडलजवळ काढतो. दादा निदान रुमालावर काढायचा.

लिहायचं कारण वेगळंच. बँडच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम तुमच्या शहरात ठरलाय आणि दादाला पहिल्या रांगेत बसवायचं मालकाच्या मनात आहे. बसवायचं, आणि त्याच्यासमोर तेच वाजवायचं. वर म्हणतो, केवढा आनंद होईल त्याला. वहिनी, काहीतरी कर. ताप आला म्हण, पाहुणे आले म्हण, पण त्याला येऊ देऊ नकोस.

दादाला नमस्कार. माझा लोभ तुला ठाऊकच आहे, तुझा माझ्यावरचा पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
छबू

 

दि. १९ जानेवारी

चि. छबूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि फाडलं. राग निघेना म्हणून तुकड्यांचेही तुकडे केले. पण उशीर झाला गं. तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी तुमचा मालक स्वतः येऊन गेला.

न कळवता आला. सोफ्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग, तो मी उचलेपर्यंत हा त्याच्यावर बसलासुद्धा. अंगाला एवढं अत्तर की दुसऱ्या दिवशीपर्यंत उशीचे अभ्रे घमघमत होते, शेवटी धुवायला टाकले. तुझ्या दादांनी कवळी काढून ठेवलेली. ते तोंडावर हात धरून आत पळाले, बसवून आले, तोवर मालक भिंतीवरच्या फोटोत स्वतःला शोधत होता. मग सारखं यांच्या पाठीवर थाप मारणं, सारखं गड्या, गड्या. दात गेले तेव्हा हा गडी एकदा तरी विचारायला आला होता का? मला तर तो वहिनी म्हणाला तरी अंग झटकावंसं वाटत होतं.

पण छबू, यांचा आनंद बघवत नाही. दात गेल्यापासून यांनी बँडचा एकही कार्यक्रम पाहिला नाही, हे तुला माहीत आहे. दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या ट्रंपेटचे पोचे काढतात. काम झालं की वाजवून बघायला शेजारच्या कारागिराला बोलावतात आणि स्वतः मागे जाऊन हात धूत बसतात. आता तोच माणूस कपाटातून सूट काढून खिडकीत टांगतोय. केस कापून आले, बूट स्वतः पॉलिश केले. कवळी नीट बसत नाही म्हणून डॉक्टरकडे जाऊन ती घासून आणली, का, तर तिथे जुने लोक भेटतील, हसावं लागेल. याला मी ताप आला म्हणू?

अंदाज घ्यावा म्हणून मी सहज विचारलं की जुनी रेकॉर्ड लावू का. नको म्हणाले. लग्न झाल्यापासून बघतेय, स्वतःचं वाजवलेलं त्यांनी कधी परत ऐकलं नाही. विचारलं की उत्तर एकच, वाजवलं, झालं, शिळं कोण खातं. ती रेकॉर्ड मीच ऐकते, ते दुकानात गेले की. ती थांबायची जागा आली की दर वेळी मी हातातलं काम सोडते. त्या जागेची कुणी नक्कल करतं हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे येणार, मी अडवणार नाही. तूच मालकाला सांग, एवढ्या एका दिवशी त्या पोराला दुसरं काहीही वाजवू दे. भीडभाड ठेवू नकोस.

आणि जेवत जा वेळेवर. हॉटेलच्या ओल्या टॉवेलला नाक मुरडणारी माझी नणंद इथे स्वतःचा ओला टॉवेल माझ्या पलंगावर टाकायची, हे मी विसरलेली नाही.

आशीर्वाद आहेतच, लोभही आहे, मागायची गरज नाही.

तुझी,
वहिनी

 

दि. २८ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. कार्यक्रमाआधी मालक आरशापुढे मिशीला कलप लावत बसला होता, तेव्हाच गाठलं. त्यानं ब्रश खाली ठेवला नाही. म्हणाला, लोक त्या थांबण्यासाठी तिकीट काढतात, ते काढून घेऊन काय त्यांना हवा देऊ? आणि ही तर दादाला मानवंदना आहे. मी म्हटलं, मग तसं माइकवर सांग, हा सोलो कुणाचा ते. त्यावर म्हणतो की मग त्यात गंमत काय राहिली. चोरी करायची, वर तिला हार घालायचा. कोडगेपणाला काही सीमा?

मग पोपटाकडे गेले. वाटलं, त्याला तरी लाज असेल. होती, पण कामाची नव्हती. म्हणाला, कागद नसला की बोटं हलत नाहीत. एकदा तालमीत स्वतःचं काहीतरी वाजवायला गेला होता, तर मालकानं सगळ्यांना थांबवलं आणि सगळ्यांसमोर खो खो हसला. ऐकून क्षणभर कीव आली. मग त्यानं विचारलं की तो थांबतो ती जागा बरोबर येते ना, दादांसारखी? ती कीव तिथेच संपली.

आणि आपले जुने दोघे? बासवाला दिवसा विमा विकतो, संध्याकाळी बास उचलतो. म्हणाला, या वयात भांडून कुठे जायचं. ड्रमवाला जाहिरातींच्या गाण्यांत वाजवतो. म्हणाला, तिथेही सगळं असंच असतं, कुणी मरत नाही. दादाच्या खांद्याला खांदा लावून वाजवलेली ही माणसं. त्यांच्याबरोबर एका टेबलावर चहा प्यायलासुद्धा मन होत नाही.

मी मात्र पियानोवर बसले की मनात येईल ते वाजवते, कुणाच्या बापाला विचारत नाही. एवढी एकच स्वच्छ जागा माझ्याकडे उरलीये, आणि तिच्या जोरावर मी या घाणीत टिकलेय. मालकाला स्पष्ट सांगितलंय, दादासमोर ते वाजलं तर मी बँड सोडणार. या वयात मला दुसरं कुणी पियानोवर बसवणार नाही, हे मला कळतं. लग्न केलं नाही, दुसरं काही शिकले नाही. तरी सोडणार. तो हसला आणि म्हणाला, विचार कर, घाई नको.

दादाला यातलं काही बोलू नकोस. त्याच्या सुटाला इस्त्री मात्र तू कर, तो बाह्या जाळतो.

लोभात खंड पडू नये.

तुझी,
छबू

 

दि. १६ फेब्रुवारी

चि. छबूस,
अनेक आशीर्वाद.

परवा आपली धड भेटही झाली नाही. तू स्टेजवरून खाली येईपर्यंत तुमची गाडी हॉर्न वाजवायला लागली होती. तू मला डोळ्यांनी विचारलंस आणि मी मान हलवली, त्याचा अर्थ तुला लागला नसणार. म्हणून हे पत्र.

त्यांनी तेच वाजवलं. मालक माइकपाशी आला, आत्ता सुचलेलं म्हणाला, तेव्हाच मी यांचा हात धरला. पोरानं सुरू केलं आणि पहिल्याच सुरांना मी ओळखलं. मी यांच्याकडे बघायचं टाळत होते. मग ती थांबायची जागा आली. आणि माझ्या हातातून यांनी हात सोडवून घेतला. मला वाटलं, आता हे उठून जाणार.

छबू, त्यांनी टाळ्या वाजवायला हात सोडवला. बाकीच्यांसारख्या, खुशीत वाजवल्या. सोलो संपल्यावर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, पोरगा छान वाजवतो. मग म्हणाले की मधेच थांबला, दात दुखत असेल बिचाऱ्याचा.

त्यांना ओळखूच आलं नाही गं. आधी मला वाटलं, वरवर बोलतात, मन लपवतात. पण इतक्या वर्षांत यांना काही लपवता आलेलं नाही, कवळी लपवता येत नाही. एकदा वाजवलं आणि सोडून दिलं, ते त्यांच्यापाशी राहिलंच नाही. कार्यक्रम संपल्यावर मालक यांच्या तोंडाकडे बघत होता, आता काय म्हणतो म्हणून. यांनी त्याला बाजूला केलं आणि सरळ पोराकडे गेले. त्याचं कौतुक केलं, मग खिशातून आपल्या दातांच्या डॉक्टरचं कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, वेळेवर दाखव, मी अंगावर काढलं, तू काढू नकोस. पोराची मान वर होईना. मालक मोठ्यानं हसला. त्या हसण्यानं माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

घरी येताना हे शीळ घालत होते. कवळीमुळे हवा निसटते, तरी घालत होते. मी काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. तुझ्या शब्दाचं काय करायचं ते तू ठरव. यांना दुखलं नाही म्हणून ती घाण स्वच्छ झाली असं मला वाटत नाही. सोडलंस तर इथे तुझी खोली आहे. ओला टॉवेल पलंगावर टाक हवं तर.

आशीर्वाद.

तुझी,
वहिनी

 

दि. २२ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग बराच वेळ रडले. दादाला सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा घेऊन तालमीच्या हॉलवर गेले. पायऱ्या चढताना मनातल्या मनात मालकाला काय काय सुनवायचं ते जुळवत होते.

सुनवायची वेळच आली नाही. त्यानं कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि बरं म्हणाला. गयावया नाही, भांडण नाही. उलट सांगतो कसा, दादानं दाद दिली हे आता आपण जाहिरातीत घालतोय. निर्लज्जम सदासुखी. माझी खुर्ची आणि उशी आतल्या खोलीत होती, ती आणायला मी निघाले.

आत कुणीतरी पियानो वाजवत होतं. मी दाराबाहेरच थांबले. चार सूर ऐकले आणि ओळखलं, हे माझं. पुढे काय येणार तेही कळायला लागलं. इथे डावा हात थबकणार, थबकला. इथे वरून घसरत खाली येणार, आलं. मला वाटलं, झालं, आता माझी रेकॉर्ड शिकायला लावलीये कुणाला तरी. आग आग झाली. दार ढकललं. पोपटाच्याच कॉलेजातली एक मुलगी होती, मला बघून उठून उभी राहिली. मी विचारलं, कुठल्या रेकॉर्डवरून उचललंस?

ती म्हणाली, रेकॉर्डवरून नाही. मालकांनी तिला आमच्या दौऱ्यात गावोगाव शेवटच्या रांगेत बसवलं होतं, तिथे ऐकून शिकली. मी म्हटलं, असं ऐकून पाठ कसं होईल, मी तर दर वेळी वेगळं वाजवते. वहिनी, ती माझ्याकडे बघतच राहिली. उद्धटपणा नव्हता गं तिच्यात, असता तर बरं झालं असतं. अगदी नमून, मोठ्यांशी बोलावं तसं बोलली. म्हणाली, नाही हो ताई, सोपं गेलं. तुमचं रोज तेच असतं.

खुर्ची तिथेच सोडून आले. मालकाची किळस आली होती, पोपटाची आली होती, पायांपाशी सांडलेल्या त्या पाण्याची आली होती. दादाला स्वतःचं वाजवलेलं समोर बसून ओळखता आलं नाही. मला माझं दाराबाहेरून ओळखता आलं, आणि आता माझ्या दहाही बोटांची मला शिसारी येतेय.

शुक्रवारच्या गाडीनं येते. दादानं विचारलं तर थकली म्हणून सांग. येताच मला काही वाजवायला मात्र लावू नका.

तुम्हा दोघांचा लोभ असू द्या. आत्ता माझा माझ्यावर उरलेला नाही.

तुझी,
छबू