गोकुळाबाईच्या घरचा हात

सिंदेवाही, ६ एप्रिल २०२५

ति. बाबांना,
दीपालीचा जोहार, वि. वि.

तुमचं पत्र बसचे कंडक्टर हेमराजभाऊंनी आणून दिलं. टेकडीवर चढून फोन लावण्यापेक्षा तुम्हाला कागद बरा वाटतो आणि मलाही. फोनवर तुम्ही जेवलीस का, एवढंच विचारता.

माझी शिकवणी जोरात आहे. भाताच्या गिरणीमागची खोली आता पुरत नाही, दोन मुली दारात बसतात. बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित पुस्तकात इंग्रजीत, पोरं बोलणार झाडीबोलीत, आणि मधे मी. परवा घर्षण शिकवताना चिखलातल्या बैलबंडीचं उदाहरण दिलं, तर मागून एकानं विचारलं की बैल म्हातारा असला तर सूत्र बदलते काय. वर्ग हसून लोळला. मीही.

रविवारी मात्र मी तलावाकाठच्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या गावात शिकवायला जाते. तिथली आचल शेंडे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला बसते आहे. वडील नाहीत, आई गोकुळाबाई मासे विकून घर चालवते. आचल गणित सोडवायला लागली की मला धाकधूक होते, हिला पुरेल एवढं मला येतं का म्हणून. असा विद्यार्थी मिळायला नशीब लागतं, बाबा. ही इंजिनिअर होणार असं मी गावभर सांगून बसले आहे.

आईला सांगा, मी वाळलेली नाही. लोभ वाढवा, नाहीतर आहे तेवढा तरी राखा.

तुमची
दीपाली

मोहटोला, ता. एटापल्ली, १३ एप्रिल २०२५

चि. दीपालीस,
बाबाचे अ. उ. आशीर्वाद.

इकडे मोहफुलं वेचणं चालू आहे. तुझी आई टोपली सोडून उठत नाही म्हणून हे पत्र माझं आहे. नाहीतर ती सांगते आणि मी नुसता लिहिणारा.

लोक विचारतात पोरगी काय करते. मी सांगतो, शिकवणी घेते. मग म्हणतात, ते झालं, पण नोकरी कुठी? मला उत्तर सुचत नाही आणि राग येतो. नागपूरच्या मोठ्या क्लासचं बोलावणं तू का परत पाठवलंस हे मला अजून उमगलेलं नाही. हट्टीपणात आईवर गेलीस. पण त्या ढिवराच्या पोरीसाठी थांबली असशील तर तिला पार ने. अर्ध्या वाटेत सोडलं तर मला चालणार नाही.

आणि तलावाकाठी जातेस तर काठानंच जा. गुडघाभर नाल्यात तू किती रडायचीस ते आम्ही विसरलो नाही.

तब्येतीला जप, इकडची काळजी आमच्यावर सोड.

तुझा
बाबा

सिंदेवाही, २० एप्रिल २०२५

ति. बाबांना,
जोहार, वि. वि.

फार मोठी अडचण आली आहे. आचलच्या परीक्षेची तारीख कळली. २४ एप्रिल, चंद्रपूरला. नेमकी त्याच दिवशी तलावाची मासेमारी.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की इथली मच्छीमार संस्था सगळ्या गावाला घेऊन मोठं जाळं ओढते. नियम असा की प्रत्येक घरचा एक हात जाळ्याला हवा. हात नाही तर वाटा नाही. मजूर चालत नाही, कारण पूर्वी पैसेवाले मजूर पाठवून घरी लोळायचे आणि मासे न्यायचे. गोकुळाबाई घसरून पडली, तिचा हात प्लास्टरमध्ये आहे. म्हणजे राहिली आचल. तो वाटा गेला तर पावसाळाभर त्या घरात काय शिजणार? दिवस बदलता येत नाही, बर्फाची गाडी आणि व्यापारी सांगून झाले आहेत.

आचल मला शांतपणे म्हणाली की परीक्षा पुढच्या वर्षी देईन. पुढच्या वर्षी तिला कुठे तरी उजवून दिलेलं असेल हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

मी संस्थेचे अध्यक्ष वामनराव यांच्याकडे गेले. माणूस भला आहे. म्हणाले की नियम तुमाले मोडता येत नाई बाई, अन् मलेबी नाई, आज मोडला तर उद्या तेच पैसेवाले दारात येतील. खोटं काय होतं त्यात? मग मी विचारलं, तिच्या जागी मी उभी राहिले तर? ते म्हणाले की तुमी घरच्या नाई. उद्या बैठक आहे, तिथे पुन्हा विचारणार आहे.

पार ने म्हणालात ना, मग आता आशीर्वाद आखडता घेऊ नका.

दीपाली

सिंदेवाही, २६ एप्रिल २०२५

ति. बाबांना,
जोहार, वि. वि.

आधी हे वाचा, मी बुडाले नाही.

बैठकीत गोकुळाबाई प्लास्टरचा हात धरून उभी झाली आणि म्हणाली की ही माझी मोठी पोरगी आहे. लोक हसले. वामनराव हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं की इच्या घरी जेवता काय. मी सांगितलं, दर रविवारी, आणि झिंग्यांची चटणी मागून घेते. त्यावर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या शकुबाई बोलल्या की ज्या घरचा भात त्या घरचा हात, आता वाद कायचा. अट एकच घातली, शेवटची ओढ होईपर्यंत पाण्यातून निघायचं नाही.

२४ तारखेला आचल चंद्रपूरच्या बसमध्ये आणि मी तलावात. पाणी कमरेएवढं, पाय चिखलात. माझ्याकडे जाळ्याचा खालचा दोर होता. ताकद दाखवायला गेले आणि झटक्यानं ओढला. जाळ्याचा तळ उचलला, मासे खालून पसार. सगळा तलाव माझ्यावर ओरडला. शकुबाई म्हणाल्या की शिकवताना बाई घाई नाई करत म्हणते आचल, मंग इथीच काऊन घाई करून राह्यल्या. मी दोर धरला आणि बाकीच्यांबरोबर हळूहळू ओढायला लागले. पुढच्या ओढीला जाळं असं भरलं की शेजारच्या बाईनं आनंदानं मलाच ढकललं.

गोकुळाबाईच्या टोपलीत इतरांएवढाच वाटा पडला. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. संध्याकाळी आचल आली. पेपर कसा गेला विचारलं तर ती माझे सोललेले तळवे बघून रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली की गणित सगळं सोडवलं. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि खोटं कशाला लिहू, माझाही.

आईला पाण्याचं बेतानं सांगा. रागावलात तरी पत्र धाडा.

दीपाली

मोहटोला, २५ जून २०२५

चि. दीपालीस,
आई-बाबाचे अ. उ. आशीर्वाद.

निकालाचं पत्र मिळालं. शंभरातल्या सत्त्याण्णवांना आचलनं मागे टाकलं, सरकारी कॉलेज मिळणार, हे मी आईला तीनदा वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली चुलीचा धूर गेला. चूल विझलेली होती.

मग हे आणि तलावाचं, तुझी दोन्ही पत्रं घेऊन मी गावाच्या बैठकीत गेलो आणि पाण्यात उभी राहिलीस तेवढं मोठ्यानं वाचलं. सांगितलं की माझी पोरगी मास्तरीण आहे, दुसऱ्याच्या लेकरासाठी तलावात उतरणारी मास्तरीण. नोकरीचं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, आता माझ्याजवळ उत्तर आहे. दीपाली, मला तुझा अभिमान आहे. तोंडानं मी हे कधी बोलणार नाही, म्हणून कागदावर लिहून ठेवतो.

हात बरे झाले का ते कळव. आमची माया तुझ्या पाठीशी.

तुझा
बाबा

सिंदेवाही, ८ मार्च २०२६

ति. बाबांना,
जोहार, वि. वि.

आचल कॉलेजमधून सुटीत आली की माझ्या पोरांना गणित शिकवते आणि माझ्यापेक्षा जास्त दटावते. यंदा तलावाकाठच्या गावातून पाच जण परीक्षेला बसत आहेत.

काल वर्ग चालू असताना वामनराव, शकुबाई आणि संस्थेची आणखी दोन माणसं दारात आली. मी थांबले तर वामनरावांनी हातानंच सांगितलं की चालू द्या. चपला बाहेर काढून सगळे पोरांच्या मागे चटईवर बसले. एवढी मोठी माणसं मांडी घालून माझा वर्ग संपायची वाट बघत होती, आणि मला फळ्यावरचं सूत्र दोनदा पुसावं लागलं.

वर्ग सुटल्यावर मी काय काम काढलं विचारलं. वामनराव म्हणाले की पोराईच्या पेपरच्या तारखा आल्या की पयले आमाले सांगा बाई. संस्थेनं ठराव केला हाये, शेवटच्या पोराचा पेपर झाल्याशिवाय तलावात जाळं पडणार नाई. बर्फवाल्याले तसंच सांगून आलो.

बाबा, मी फळ्याच्या कोपऱ्यात त्या पाच जणांची नावं लिहिली, पुढे तारखेला जागा सोडून.

कळावे. हे पत्रही बैठकीत वाचा, माझी हरकत नाही.

तुमची मास्तरीण
दीपाली