ओढा धर, गाव गाठ

गुरुवार, ८ जाने.
बॅग भरली. दोर नको म्हणाला प्रकाश, उगाच वजन. ऑफिसातला माझा शेजारी, मूळ नाशिकचा, वजनाच्या बाबतीत भारी कंजूष. नेला नाही.
सादिकचा फोन. गुडघा दुखतोय, पण येणार. इथे गाला भागात त्याचं स्पेअर पार्टचं दुकान, साऱ्या मस्कतच्या गाड्या चालत्या ठेवतो आणि स्वतःचा गुडघा तसाच. म्हटलं, घरी बस. "आनि तुमी दोगं वरनं फोटो धाडनार? नाय जमायचा." नी-कॅप घाल म्हटलं. बघू.

शनिवार, १० जाने. सकाळ, गाडीत
काल लिहिणं झालं नाही. आत्ताही लिहितोय ते हातांना काहीतरी हवं म्हणून.
इब्रीच्या अलीकडे डांबरी सोडून आत. एका दिवसात दोन शिखरं, असा बेत. पहिलं सोपं. दगड मात्र करवतीसारखा, हातमोजे फाटले. वर सादिकच्या घरची, रेहानावहिनींनी दिलेली घावनं खाल्ली. सादिक खुशीत. समोर नुसते तपकिरी डोंगर, झाड म्हणून नाही. "दापोलीचा मानूस हितं काय बघाय येतो रे?" असं स्वतःच विचारलंन, आणि स्वतःच हसला.
दुसऱ्या शिखराला शेवटी हातापायांनी चढावं लागलं. सादिक चढला, पण तोंड आवळून. वर त्याने नमाज पढली, आम्ही दोघं बाजूला बसलो.
उतरताना धारेवर एक वाईट टप्पा. त्याचा गुडघा वाकेना. डावीकडे घळ होती, पांढरी वाळू, सरळ खाली गाडीच्या दिशेने गेलेली. तो म्हणाला, "ओढा धर, गाव गाठ." आम्ही तिघं सह्याद्रीत वाढलेले, मी महाडचा. वाट चुकली की ओढ्याने उतरायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं. मला ते शंभर टक्के पटलं. प्र. ला धारच बरी वाटली. मी त्याच्याबरोबर गेलो, कारण धारेवर एकट्याने जायचं नसतं. ओढ्यात एकट्याने चालतं, असं आमचं गणित.
"तुमी या सावकास. मी खाली चाय मांडून ठेवतंय."
गाडीपाशी चहा नव्हता. आम्ही घळीच्या तोंडाकडून वर गेलो. वळणापलीकडे भिंत. चार मजली असेल, घासून गुळगुळीत झालेली. आपल्याकडे ओढा उड्या मारत गावात जातो. इथे तो कड्यावर येऊन संपतो. वरून ते दिसत नाही.
भिंतीच्या पायथ्याशी सादिक नव्हता. म्हणजे वरच कुठेतरी. खाली यायला मार्ग नाही, परत चढायला गुडघा नाही.
तिथे नेटवर्क नाही. प्र. गाडी घेऊन रस्त्यापर्यंत गेला. मी हाका मारत राहिलो. एकदा वरून काहीतरी आलं. "ओ" असं. एकदाच.
पोलीस अंधार पडता पडता आले. वारा सुटलेला, हेलिकॉप्टर उडवता येईना.

शनिवार, संध्याकाळ
दोर लावायची तयारी चालली होती आणि डोंगरात वर पाऊस झाला. आमच्यावर थेंबही नाही. आधी घळीतून आवाज आला, मग त्या भिंतीवरून लाल पाणी कोसळलं. सगळ्यांना मागे खेचलं. मी काय ओरडत होतो आठवत नाही. प्र. ने मला मिठी मारून धरलं होतं.

सोमवार, १२
माणसं दोरांनी वरपर्यंत जाऊन आली. घळ धुऊन निघालीय. सादिकची बॅग वादीत, म्हणजे डोंगराखालच्या कोरड्या नदीपात्रात, फार खाली सापडली. आत स्टोव्ह, साखर. नी-कॅप नवीकोरी, घडी न मोडलेली. मला राग आला त्याचा. अजून आहे.
अल अमेरातला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी एवढंच विचारलं, "हाक ऐकलात ना तुमी?" ऐकली म्हणालो. मुलगी सना म्हणाली, "अंकल, पप्पा दुसऱ्या साइडनी उतरले असतील ना? मंजे, पॉसिबल आहे?" मी मान हलवली. कोणत्या बाजूने हलवली कोण जाणे.

बुधवार, १४
त्याचे थोरले भाऊ अन्वरभाई दापोलीहून आले. मला जिन्यात गाठलं. मयत समोर नसताना पढतात ती नमाज शुक्रवारी करायची, वहिनींना इद्दतीला, नवरा गेल्यावर बाईने घरात काढायच्या दिवसांना, बसवायचं, मग गावी न्यायचं. वाईट माणूस नाही. डोळे सुजलेले. "तिला आस लावू नका. तुमी काय ऐकलात?"
"काही नाही," म्हणालो.
दोन तोंडांचा झालोय.

गुरुवार, १५
ते होणारच होतं. दोघांनी एकत्र बसवून विचारलं. मधे चहा, कुणी घेतला नाही. अन्वरभाई म्हणाले, "हिला एक, मना एक. खरा काय ता सांगा." वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या, टेबलाकडे बघत होत्या. हो म्हटलं तर ती बाई वर्षानुवर्षं दाराकडे बघत बसणार. नाही म्हटलं तर सादिकला मीच पुरणार, मातीशिवाय.
म्हणालो, आवाज आला. त्याचाच होता अशी शपथ घेता येणार नाही. पण पाण्याच्या आधी आला.
अन्वरभाईंनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "मग उद्या नमाज नको. तुमी एकदा जाऊन या."
पोलिसांचा शोध वादीत खालच्या बाजूला चालू आहे. आम्ही धारेवरून वर जाऊन पलीकडच्या कपारी बघणार. प्र. चा मेसेज: जयभीम, दोर दोन घेतलेत.

शुक्रवार, १६. सकाळ
निघताना अल अमेरातवरून गेलो. वाटलं होतं वहिनी रडतील. रडल्या नाहीत. पिशवी दिली. वाटलं घावनं असतील. सादिकचे दुकानात घालायचे बूट होते, आत मोजे कोंबलेले.
"पायातले भिजले असतील त्याचे."
प्र. गाडी चालवतोय. बूट माझ्या मांडीवर आहेत. मागे ठेव म्हणतोय तो. ठेवतो जरा वेळाने.