फिकट गुलाबी

ताईस, धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

देवाच्या कृपेने पास झालो! तिसऱ्या खेपेला, पण झालो. आधी दोनदा नापास झालो ते तुला कळवलं नव्हतं, रागावू नकोस. या वेळीही चुकलो असतो तर आम्लाच्या पिंपांची शेड कायमची नशिबी होती.

प्रयोगशाळेतल्या जागेची परीक्षा अशी: बाटलीवरची चिठ्ठी झाकलेली, आतलं आम्ल किती तीव्र ते आपण शोधायचं. आम्लात रंग दाखवणाऱ्या इंडिकेटरचे दोन थेंब टाकून वरच्या नळीतून कॉस्टिक, म्हणजे आम्ल मारणारा सोडा, थेंबथेंब सोडायचं. पहिला फिकट गुलाबी रंग टिकला की आम्ल संपलं, तिथेच थांबायचं. पण आपण पडलो रंगारी! रंग गडद चढल्याशिवाय माझा हात थांबेना, आणि दोन्ही वेळा कॉस्टिक जास्त पडलं. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले होते, "काका, लुगडं रंगवताय का?"

काल मात्र दिसेल न दिसेल असा गुलाबी टिकला आणि मी तोटी बंद केली. हात आपोआप जोडले गेले.

"अहो, आधी आकडा लिहा, मग देवाला सांगा!" साहेब म्हणाले.

दहा मिलिलिटर आम्लाला साडेबारा मिलिलिटर कॉस्टिक लागलं. कॉस्टिकची तीव्रता ०.१, आणि ही दोन्ही एकास एक जुळतात. म्हणून साडेबारा गुणिले ०.१, भागिले दहा. उत्तर ०.१२५. साहेबांनी चिठ्ठीवरचा कागद सोलला. खाली ०.१२५!

सोमवारपासून प्रयोगशाळेत बसणार. शेडमधल्या वाफेने धरलेला खोकलाही आता जाईल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? रंगाच्या हौदात हात घालताना हातमोजे घालतेस ना?

हे पत्र आईच्या फोटोपुढे मोठ्याने वाच. आकडे गाळू नकोस.

तुझाच,
धाकटा