आबांच्या सुरीचा बाक

कारकाराली, ३ सप्टेंबर

चि. ओरालबेक यास अ. उ. आ.

आम्ही सर्व, मेंढरांसह, खुशाल आहोत. माझ्या दिनारची सोयरीक पक्की करण्यास व्याही सापारगाली अठरा तारखेस येत आहेत. रिवाजाप्रमाणे मेंढ्याचे शिजवलेले डोके त्यांच्यापुढे ठेवायचे आणि त्यांनी ते यजमानाच्या सुरीने कापून वाटायचे. आबांच्या सुरीला हल्ली उकडलेला बटाटाही दाद देत नाही. व्याही रागावले, तर लग्नाची तारीख न देताच उठतील. तू खाणयंत्रांच्या दातांवर लेझरने कठीण लेप चढवतोस, तसा हिच्यावर चढव. सुरी बसचालकाकडे दिली आहे. घोळ घालू नकोस. ऐन कामाच्या वेळी फोन करून पुन्हा बजावीनच.

तुझ्या अकलेवर नसला तरी तुझ्यावर लोभ असलेली,
कुल्याश

कारागांडी, १२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुरी सोबत पाठवली आहे. खाली बसूनच उघडावी. निकेलच्या भुकटीत सिरॅमिकचे कठीण कण मिसळून तो लेप लेझरने पात्याच्या एका बाजूवर वितळवला. हिऱ्याच्या चाकावर लावलेली धार अप्रतिम आहे. प्रश्न आकाराचा आहे. यंत्राचे दात विटेएवढे जाड असतात, आबांची सुरी मात्र झिजून पानासारखी झालेली. लेप निवताना आकसला आणि पाते त्याच्या बाजूला ओढले गेले. थोडक्यात, सुरीचे केळे झाले आहे. सरळ करू गेल्यास लेप तडकेल. शेजारणीची सुरी मागून आणावी.

क्षमेची व लोभाची, याच क्रमाने, अपेक्षा.
ओरालबेक

कारकाराली, २० सप्टेंबर

चि. ओरालबेक यास आशीर्वाद (अर्धेच).

शेजारणीकडे मागितली असती, तर गावभर झाले असते. तुझे केळेच पुढे ठेवले. व्याह्यांनी विचारले की ही सुरी आहे की नांगराचा तुकडा. तोंडाला आले ते मी बोलले, की डोके गोल असते म्हणून आमच्याकडे सुरीही गोल असते. त्यांनी हात चालवला मात्र, सुरी कवटीच्या कडेने अशी फिरली की गालाचे मांस एका फटक्यात सुटले! हसता हसता त्यांची टोपी रश्श्यात पडली. आता म्हणतात, हुबेहूब अशी सुरी मला द्या, त्याच दिवशी तारीख देतो. दिनार रोज बसथांब्यावर जाऊन उभी राहते.

उरलेला लोभ सुरीच्या पोचेवर मिळेल.
कुल्याश

कारागांडी, ९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

अकरा सुऱ्या केल्या. अकराही सरळ आल्या. पाते दाबून धरणारा शिकंजा मुद्दाम सैल ठेवायचा म्हटले, तरी तीस वर्षांच्या सवयीने हात तो आवळतोच. महिनाभरात एकही नग वाया गेला नाही, म्हणून साहेब माझा फोटो भिंतीवर लावणार आहेत. पहिली वाकण्याचे कारण अखेर सापडले. त्या दिवशी ऐन कामात तुझा फोन आला होता. सहा मिनिटे तू झापलेस आणि भीतीने मी शिकंजा आवळायचाच विसरलो. तरी गुरुवारी सकाळी बरोबर दहा वाजता फोन करावा. ख्यालीखुशाली विचारू नये, थेट सुरुवात करावी. माझ्या हातून हरवलेल्या घोडीपासून केल्यास उत्तम.

लोभ गुरुवारी अजिबात नसावा.
ओरालबेक

कारकाराली, १९ ऑक्टोबर

चि. ओरालबेक यास पूर्ण आशीर्वाद.

सुरी पोचली. केळ्याहून वाकडी आहे, शाबास! लग्न नऊ नोव्हेंबरला. फोनवरचे काही मनावर घेऊ नकोस. घोडीचे तेवढे घे.

कुल्याश

ता. क. व्याह्यांना चार भाऊ आहेत. पुढील चारही गुरुवार मोकळे ठेव.