साठ किलो नऊशे ग्रॅम

२० मार्च, गुरुवार
अम्मानच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला इजिप्तमधून आमच्या दुम्यातच्या कराटे क्लबचे सात जण. सहा माझे विद्यार्थी, सातवी मी. एकसष्ट किलोच्या गटात मी आणि रवान, वय अठरा. चार वर्षांत पहिल्यांदाच माझं नाव यादीत आलं. विशेष काही वाटलं नाही. लढतीचे नवे पट्टे, एक लाल, एक निळा, इस्त्री करून ठेवले.
क्लबच्या काट्यावर वजन ६१.८. स्पर्धेची वजन-तपासणी १० एप्रिलला. एकवीस दिवसांत नऊशे ग्रॅम, म्हणजे रोज त्रेचाळीस. रमजानचे उपवास चालूच आहेत. प्रश्न सुटला. मी इंजिनिअर, वजनकाटे प्रमाणित करणं हीच माझी नोकरी. ग्रॅम माझं ऐकतात.

२५ मार्च
६२.०. रोजा सोडताना एकच कतायफ खाल्ला, पाकात बुडवलेला, सुकामेव्याचा. दुसरा आईने ताटात टाकला, तो मोजत नाही.
क्लबची फरशी दाराकडे उतरती आहे. उतारावर काटा कमी दाखवतो असं पुस्तकात आहे. आमचा जास्त दाखवतो. दुरुस्ती: वजा ०.३, सर्वांना लागू. तक्ता भिंतीवर चिकटवला. कॅप्टन रिफअतनी तो वाचला. म्हणाले, बाई, फरशी तीस वर्षं उतरती आहे, आजवर कुणी बारीक झालं नाही.
कॅप्टन उत्तम प्रशिक्षक आहेत. विज्ञान त्यांचा विषय नाही.

२९ मार्च
आईने ईदसाठी सहा किलो पिठाचे कहक केले. तूप, अक्रोड, वर पिठीसाखर. मी एकही खाणार नाही, हे तिला लेखी दिलं. आई म्हणाली, खाऊ नकोस गं सुहा, नुसती चव सांग.
सांगितली. एका मापावर विसंबणं चूक, म्हणून तीन कहकांची सरासरी घेतली.

३१ मार्च, ईद
शेजारच्या इन्साफमावशींची कहकची बशी आली. मग वरच्या मजल्यावरची. बशी रिकामी परत जात नाही, आणि आलेले कहक संपल्याशिवाय आपले भरणार कुठे? आई कुजबुजली, इन्साफचं तूप जुनं वाटतंय, बघ बरं. तिला निष्पक्ष मत हवं होतं.
एकूण बशा: सात.

४ एप्रिल
६२.५. अशक्य. काट्याची स्प्रिंग थकली आहे: वजा ०.५. शिवाय पोटातलं अन्न प्रवासात असतं, ते मी नव्हे: वजा ०.७. फरशीचे ०.३ धरून निव्वळ मी ६१.०.
मुलांनाही नवी वजनं वाचून दाखवली. रवानने विचारलं, ताई, ईदभर खाऊन मी सव्वा किलो उतरले कशी? बाकीचे हसले. शिस्तीवर पाच मिनिटं बोलले.
सराव संपल्यावर सहाही जण कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापुढे रांगेत दिसले. सर्दीची साथ असावी.

८ एप्रिल
६२.४ वजा १.५, म्हणजे ६०.९. बरोब्बर. नियोजन याला म्हणतात.
ऑफिसात रजा दातांसाठी म्हणून घेतली, गाजावाजा नको. आईने सगळ्या गल्लीला सांगितलं आहे. इन्साफमावशी म्हणाल्या, पदक येऊ दे, मग बशी नाही, परात पाठवते.

१० एप्रिल, अम्मान, सकाळी ९.१०
६२.४. गटातून बाद.

९.३०
तपासनीस बाईंकडे काट्याचं प्रमाणपत्र मागितलं. दिलं. वैध आहे. फरशी तपासली. सपाट आहे. त्या म्हणाल्या, पोरी, अजून काही? मागे रांग आहे. मी तक्त्याचा फोटो दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला, मग शेजारच्या बाईंना वाचायला दिला.
सहाही मुलं वजनात बसली. कशी, ते रवानने खाली बघत सांगितलं. औषधाच्या दुकानातला काटा. पंधरा दिवस रोज. म्हणाली, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, ताई.
वाईट वाटलं नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

११ एप्रिल
रवान निळा पट्टा हॉटेलवर विसरली. माझा दिला. इस्त्रीचा होता.
तिला कांस्य. शेवटच्या मिनिटाला मी खुर्चीवर चढून ओरडत होते, असं कॅप्टन म्हणतात. पुरावा नाही. घसा एसीमुळे बसला आहे.

१३ एप्रिल, दुम्यात
आईने गल्लीत सांगितलं, माझ्या सुहाच्या पोरीने पदक आणलं. परात आली.
क्लबमधला तक्ता काढला. औषधाच्या दुकानात गेले. ६२.४. दुरुस्ती: शून्य. दुकानदार म्हणाला, अच्छा, त्या सहा जणांच्या इंजिनिअर ताई तुम्हीच का?
घरी येऊन कहक खाल्ले. चार. प्रवासात कोणी नाही, चारही मीच.