इंदिराची हाफ पँट

बारामती,
अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस

प्रिय इंदिरा,

काल संध्याकाळीच आपण बोललो. तू विचारलंस, जेवलात का? मी म्हणालो, जेवलो. मग मोहितनं बाळाला फोनसमोर धरलं आणि त्यानं माझ्याकडं बघून एक मोठी जांभई दिली. याला आपण बोलणं म्हणतो. तुमचा तो फोन ओट्यावर स्टँडला लावलेला असतो, म्हणजे मी तुम्हाला कुकर आणि मिक्सरच्या मधोमध दिसत असणार. अशा जागेवरून नवऱ्यानं बायकोशी काय बोलावं, तूच सांग. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट जातं की अमेरिकेला." मी म्हटलं, बाई, मला बंद पाकीटच हवंय. तेव्हा हे तू एकटी असताना वाच. सई विचारेल, काय लिहिलंय बाबांनी? सांग, गॅसचा नंबर लावायचा राहिलाय.

आधी बातमी देतो, हसायचं तेवढं हसून घे. मी क्रोशा शिकलोय. तुझी ती वेताची टोपली, जिला माझा हात लागला की तू जन्मभर ओरडत आलीस, ती सध्या माझ्या ताब्यात आहे. आणि मी तोरण किंवा टेबलावरचा रुमाल करत नाहीये. मी तुझ्यासाठी हाफ पँट विणतोय. फिक्या निळ्या सुती दोऱ्याची, गुडघ्याच्या जरा वरपर्यंत, उन्हाळ्यात घरात घालायची. म्हण, डोकं फिरलंय म्हण. इथं म्हणून झालंय सगळ्यांचं.

झालं असं की होळीच्या सुमारास तू फोनवर सांगत होतीस, समोरच्या घरातली म्हातारी, तुझ्याहून थोरली, हाफ पँट घालून झाडांना पाणी घालते. सई म्हणाली, आई, तुम्हाला पण आणू का? तू इश्श म्हणालीस, मोहित हसला, मीही हसलो. मग विषय बदलला, आणि भाजी निवडता निवडता तू अगदी हळू म्हणालीस, "पायाला वारं किती छान लागत असेल." ते तिथं कुणी ऐकलं नाही. मला ऐकू आलं, कारण कुकरच्या शेजारून सगळं ऐकू येतं. फोन ठेवल्यावर मी बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत पंख्याखाली बसलो होतो. दर उन्हाळ्यात असाच बसतो आणि काय उकडतंय, काय उकडतंय म्हणतो. तू परकर, साडी, वर पदर खोचलेला, अशी गॅसपुढून येऊन मला पन्हं देतेस. बारामतीचं ऊन तुला काही वेगळं लागत नसणार. इतक्या वर्षांत तुझ्या पायाला वारं लागावं असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याच काय, तुझ्याही.

विकतची आणता आली असती. दोन दुकानं हिंडलो. एकात सगळ्या काळ्या नायलॉनच्या, हात लावला तरी घाम फुटेल अशा. दुसऱ्यात मागच्या बाजूला मोठ्या इंग्रजी अक्षरांत काहीतरी लिहिलेल्या. तुझ्या पाठीमागून चालताना मला वाचन नको होतं. म्हणून विणायचं ठरवलं. जाळीची नाही हं, भरीव वीण आहे, आधीच सांगतो.

पण माप कुठून आणायचं? फोनवर विचारलं असतं तर साता समुद्रापलीकडं आख्ख्या घराला कळलं असतं. मग कपाटातून तुझा रोजचा परकर काढला. नाडीला तू जिथं गाठ मारतेस तिथं ती चपटी आणि मळकट झालीये, त्या खुणेवरून कंबर काढली. इंदिरा, तो परकर हातात धरून मी कपाटासमोर किती वेळ उभा होतो ते सांगत नाही. त्याला साबणाचा वास होता, कापराचा होता. तुझा नव्हता. माणूस दिवाळीनंतर गेलं तर वैशाखापर्यंत त्याचा वास जातो, हे मला ठाऊक नव्हतं.

असो. माप मिळाल्यावर मी आलेख कागद काढला. जन्म पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढण्यात गेलेला माणूस मी, एका हाफ पँटला काय भिणार! समोरून, मागून, बाजूनं, सगळं प्रमाणात काढलं. दोन पाय वेगवेगळे विणायचे, वर आणून जोडायचे, मग कमरेचा घेर आणि त्यात नाडी. शिकवायला स्वरूपा येते. तुझ्या ओसरीवरच्या क्रोशाच्या वर्गात होती ती, कोऱ्हाळ्याची, यशराजची बायको. मुलीच्या शाळेसाठी आता आपल्याच गल्लीत भाड्यानं राहते. तुझी आठवण तीही काढते, पण तिची आठवण कामाची असते, काकू असत्या तर ही चूक लगेच धरली असती वगैरे. माझा हात म्हणे फार घट्ट. पहिली साखळी एवढी आवळली की सुई परत आत जाईना. "काका, दोऱ्याचा गळा कशाला दाबताय? सोडा की जरा त्येला," म्हणाली. साखळीवरून खांबावर यायला मला पंधरवडा लागला. खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन घातलेला उंच टाका, हे मी तुलाच समजावतोय, काय दिवस आलेत!

सर्जेरावला अर्थातच कळलं. सकाळी फिरायला बोलवायला आला आणि थेट आत शिरला. मी सगळं उशीखाली ढकललं, पण एक टोक बाहेर राहिलं. "चिंतामणराव, ह्ये काय हाय?" मी म्हटलं, टोपी विणतोय. त्यानं उशी उचलून नीट पाहिलं आणि म्हणाला, "दोन डोस्क्याच्या मानसाची व्हय?" आता फिरायला गेलं की कट्ट्यावरचे सगळे मला पँटची चौकशी करतात, जशी काय घरात कुणी बाळंत व्हायची आहे. मी पण सांगतो, डावा पाय झाला, उजवा चालू आहे. लाज वाटायची ती पहिल्या आठवड्यात वाटून गेली.

दोन्ही पाय झाले, जोडले, आणि मी ती पलंगावर पसरून स्वरूपाला बोलावलं. कौतुकाची अपेक्षा होती. तिनं उलटी केली, सुलटी केली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. "काका, काकू हितं हुभ्याच ऱ्हाणार हायत व्हय? बसायचं न्हाय त्यांनी?" मग समजावून सांगितलं. बसल्यावर माणसाचा मागचा भाग जास्त कापड खातो, म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच विणावी लागते. नाहीतर बसलं की पँट खाली सरकते. मी पुढची-मागची उंची एकसारखी धरली होती. नकाशात तुला उभी काढली होती ना! कालवे बसत नाहीत, त्याचा हा परिणाम.

वरचा भाग उसवायला घेतला. पण मागं किती वाढवायचं हे ठरवायचं तर तू बसतेस कशी ते आठवायला हवं. आठवू लागलो तर तू आपली उभीच. ओट्याशी उभी, दोरीवर कपडे टाकताना उभी, मला वाढताना उभी, फाटकाशी भाजीवाल्याशी भांडताना तर उभीच. मला खरंच धडकी भरली, की ही बाई माझ्या घरात कधी बसली की नाही? मग सापडलीस. संध्याकाळी दिवा लावून झाला की मागच्या पायरीवर, एक पाय दुमडून, दुसरा खालच्या पायरीवर सोडून, पदरानं वारा घेत. तेव्हा मी आत बातम्या बघत असायचो. आता रोज त्या पायरीवर मीच बसतो. तिथं छान वारं येतं गं, कॅनॉलच्या बाजूनं, उसाच्या ओल्या वासाचं. तू मला कधी बोललीच नाहीस. तर तुझ्या त्या बैठकीच्या मानानं मागं ओळी वाढवल्यात. स्वरूपानं पास केलं.

मला तुझी फार आठवण येते. हे वाक्य फोनवर म्हणता येत नाही, पलीकडं सई भांडी लावत असते. स्वयंपाक मला जमतो आता, आमटी तर तुझ्या तोडीची होते, पण वाढताना "अजून थोडी?" असं कुणी विचारत नाही, त्यामुळं पोट भरलं कधी म्हणायचं तेच कळत नाही. टीव्हीवर काही मूर्खासारखं चाललं की मी मान वळवतो, आणि तुझ्या जागेवर दोऱ्याचा गुंडा असतो. खरं सांगू? कधीकधी मला बाळाचा हेवा वाटतो. एवढ्याशा जिवाचा हेवा करणारा आजोबा तू पाहिलायस का कुठं?

आता मोहितचं. परवा त्यानं ऑफिसातून मला वेगळा फोन केला. बाबा, आईचा मुक्काम वाढवायचा अर्ज करतो, पुढं कायमचंच बघू. सईची रजा संपतीये, बाळाला आजीची सवय झालीये, आणि आईला इथं बरं वाटतंय. तुम्ही हो म्हणालात की तिचं परतीचं तिकीट रद्द करतो. आपला मुलगा वाईट नाही, इंदिरा. त्याची गरज खरी आहे. पण पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाल्यापासून डॉक्टरांनी मला एवढ्या लांबच्या विमानाला साफ मनाई केलीये, हे त्याला माहीत आहे. म्हणजे तू तिथं आणि मी इथं, हेच ते कायमचं. मी म्हणालो, तुझ्या आईला विचार. तो म्हणाला, विचारलं, ती म्हणते तुझे बाबा म्हणतील तसं. मला हसूच आलं. तू माझ्यावर ढकललंस, मी तुझ्यावर, आणि तो बिचारा मधल्या मध्ये. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तिकीट पुढच्या महिन्याचं आहे, तोवर थांब म्हटलंय.

तुला तिथं खरंच बरं वाटत असेल, हेही मी धरून चाललोय. नातवाच्या मऊ अंगाला सोडून माझ्या घोरण्याकडं कोण येईल! तिथं घर थंडगार आहे, नळाला पाणी चोवीस तास आहे, सई तुला काम करू देत नाही असं तूच सांगतेस. इथं मी आहे, ऊन आहे आणि एक हाफ पँट आहे, जी मी पाठवणार नाही. ती इथंच घालायची. मागचं दार लोटून घेऊ, कुणी बघणार नाही. बघितलं तर बघू दे, सर्जेरावनं पाहिलीच आहे. याला लाच म्हणत असशील तर म्हण.

एवढं पाल्हाळ लावलं, पण ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून राहिलंच. लेकाचं घर म्हणजे काही माहेर नव्हे, तरी मला सारखं तेच आठवतंय. आपल्याकडं माहेरी गेलेली बाई आपली आपण परत येत नाही, न्यायला माणूस जावं लागतं. तू नरसिंहपूरला गेलीस की मी यायचो, एसटीनं इंदापूर आणि तिथून पुढं दुसरी गाडी. तुझ्या आबांजवळ ओसरीवर बसून मी नीरेच्या पाण्यावर बोलायचो, भीमेच्या पाण्यावर बोलायचो, यंदाच्या उसावर बोलायचो, पण कशासाठी आलोय ते काही तोंडातून निघायचं नाही. शेवटी आबाच आत हाक मारायचे, "अगं, पाव्हणं न्यायला आल्यात, पिशवी भरा तिची." आणि परतीच्या गाडीत तू विचारायचीस, एवढ्या उन्हातान्हाचं कशाला आलात? मी दर खेपेला म्हणायचो, इंदापुरात काम होतं. तू खिडकीकडं तोंड करून हसायचीस. इंदापुरात माझं कधीच काही काम नव्हतं, हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, बहुतेक कंडक्टरलाही ठाऊक होतं. आता तुझ्या दारापर्यंत माझे पाय पोचत नाहीत आणि आत हाक मारायला आबाही राहिले नाहीत, तेव्हा बोलायचं ते मलाच बोललं पाहिजे. यायचं नसेल तर तसं सरळ लिही. माझी समजूत मी काढीन आणि मोहितला हो कळवीन. फक्त "तुम्ही म्हणाल तसं" असं लिहू नकोस, कारण मी काय म्हणतो ते हे आहे: इंदिरा, मला दुसरं कुठलंही काम नाही. मी तुला न्यायला आलोय.

तुझाच,
चिंतामण