लाल बटण मीच दाबलं

मंगळवार, जानेवारी १९८७. संध्याकाळ.

हो, दाबलं. साहेबांच्या डोळ्यांदेखत, चालू कॉम्प्युटरचं लाल बटण.

महिनाभर साहेबांचं तेच ऐकून राहिले. "मॅडम, दोन मशीनमध्ये वायर टाकली की झालं नेटवर्क. तुम्हाले हे क्लस्टर काहून पाहिजे?" अहो, वायरीतून नुसती मागणी जाते! फाइल ज्या मशीनच्या डिस्कवर आहे तेच बंद पडलं, तर मागायचं कोणाले? क्लस्टरमध्ये दोन्ही मशीनची मिळून एकच डिस्क. एक लिहीत असेल तेवढ्यापुरतं दुसरं थांबतं, बस. फळ्यावर किती वेळा काढून दाखवलं. साहेब चहा पीत राहिले.

आज त्यांनी पेन काढलं. चाचणीसाठी आलेलं क्लस्टर परत पाठवायच्या पत्रावर सही करायला. मी उठले आणि बटण दाबून एक मशीन बंद केलं.

साहेब ओरडले. दुसऱ्या मशीनचा पडदाही थबकला. चुकलं का माझं? काही सेकंदच, पण संपता संपेनात. मग पडदा हलला. तीच फाइल, तीच डिस्क, काम पुढे सुरू.

शाबासकी? छे. "विचारल्याशिवाय मशीन बंद केलंच काहून? उद्या सकाळी लेखी खुलासा पाहिजे." पत्रावर सही मात्र झाली नाही. पेन तसंच उघडं राहिलं.

खुलासा टाइप करून त्याच डिस्कवर ठेवून आले. लाल बटणाचं मशीन मुद्दाम बंदच ठेवलं आहे. वाचा म्हणावं आता दुसऱ्या मशीनवरून.